ती सूचना मीच बंद केली

दुकानात आलेलं माणूस आधी माझ्या मागे बघतं. मागे भिंत आहे, भिंतीवर चार्जरच्या वायरी टांगलेल्या आहेत. मग विचारतं, "रिपेअरिंगवाले कुठे गेले?" सुरुवातीची काही वर्षं मी "मीच" म्हणून सांगायचे. आता नुसता हात पुढे करते. फोन हातात आला की बोलणं आपोआप सुरू होतं.

भांडुप पश्चिमेला, भाजीच्या गल्लीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी मी विक्रोळीच्या एका कारखान्यात टीव्हीच्या सर्किटवर सोल्डरिंग करायचे. आम्ही लाइनीत बसलेल्या सगळ्या बायकाच होतो, कारण बायकांची बोटं बारीक चालतात असं साहेबांचं मत होतं. कारखाना बंद पडला तेव्हा बोटं तीच होती, काम मात्र राहिलं नव्हतं. आमच्या ह्यांनी सुचवलं, टीव्ही गेले तर गेले, मोबाइल बघ. एका ओळखीच्या माणसाकडे सहा महिने बसून शिकले आणि हा गाळा घेतला. आज माझ्याकडे मायक्रोस्कोप आहे, आणि तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान भाग मी काढून परत बसवू शकते. चष्म्याचा नंबर वाढलाय, पण हात अजून हलत नाही. एवढा तोरा मिरवायला हरकत नसावी.

बाहेरच्यांना वाटतं की या धंद्यातलं अवघड काम म्हणजे काच बदलणं किंवा पाण्यात पडलेला फोन जिवंत करणं. ते शिकता येतं. खरी अवघड गोष्ट कुणी शिकवत नाही. स्क्रीन बदलली की कॅमेरा, माइक, आवाज, सगळं तपासून द्यावं लागतं. त्यासाठी फोन उघडावा लागतो, म्हणून गिऱ्हाईक आपला पिन देऊन जातं. मग दोन तास एका अनोळखी माणसाचं सगळं घर माझ्या टेबलावर उघडं पडलेलं असतं. त्याचे फोटो, त्याची भांडणं, डॉक्टरचे रिपोर्ट. तिकडे बघायचं नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. तो कुठेही लिहिलेला नाही आणि मोडला तर कुणाला कळतही नाही.

गंमत अशी की लोकांना भीती असते ती लांबच्या कंपन्यांची. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे. फोन आपलं बोलणं ऐकतो यावर त्यांचा ठाम विश्वास. बायकोशी गुडघेदुखीबद्दल बोललो आणि संध्याकाळी मलमाची जाहिरात आली, हा त्यांचा पुरावा. पुढच्या कॅमेऱ्यावर त्यांनी बायकोची टिकली चिकटवली होती. तेच मास्तर काउंटरवर पाच माणसं उभी असताना मला खणखणीत आवाजात पिन सांगायचे, वर्गात पाढा सांगावा तसा. मी म्हटलं, "सर, हळू." ते म्हणाले, "तुमच्यापासून काय लपवायचं?"

आणि परबआजी. त्यांचा मोबाइलवर शेतीचा गेम होता. चार्जिंगची पिन बदलायला फोन ठेवून निघाल्या आणि दारातून परत वळल्या. "चार वाजता कोंबड्यांना दाणे घाल गं. नाहीतर अंडी जातात." मी चार वाजता हातातलं काम बाजूला ठेवून कोंबड्यांना दाणे घातले. तीन मजले चढून घरी गेल्यावर या बाईला तेवढीच सोबत होती, हे मला माहीत होतं.

तर असा हा विश्वास. तो मला इतक्या सहज मिळत गेला की एक दिवस मला त्याचं वजनच वाटेनासं झालं. जे सांगायला बसलेय ते त्या दिवसाचं आहे. आमचे हे म्हणाले, "दिवाळी अंकात कोंबड्यांचं लिही, लोक हसतील." कोंबड्यांचं लिहून झालं. पुढचं लिहिताना मात्र मी तीनदा उठलेय.

दळवीसाहेब आमच्या गल्लीच्या टोकाच्या सोसायटीत राहतात. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, बोलणं हळू. सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि अडल्यानडल्याला अर्जही लिहून द्यायचे. त्यांची बायको घर सोडून गेली होती, एवढं सगळ्यांना माहीत होतं. का गेली ते कुणाला माहीत नव्हतं, आणि साहेबांकडे बघून सगळे म्हणायचे की असल्या देवमाणसाला सोडून गेली म्हणजे तिचंच काहीतरी असणार. मीही म्हटलं असेल.

एक मुलगी, मुग्धा. चोवीस-पंचवीसची. अंधेरीला एका गेम बनवणाऱ्या कंपनीत कामाला. एकदा मी तिला विचारलं होतं, गेम खेळायचा पगार मिळतो का गं? ती हसली. म्हणाली, "खेळत नाही ओ ताई, मोडते. दिवसभर भिंतींवर धडका मारत फिरायचं. कुठल्या भिंतीतून आरपार जाता येतं ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. लोकांच्या हातात जायच्या आधी भोकं बुजली पाहिजेत."

तिच्या फोनची काच फुटली तेव्हा फोन घेऊन दळवीसाहेब आले. तिला सुट्टी नव्हती, तिनेच पाठवलं होतं, पिनसुद्धा तिनेच चिठ्ठीवर लिहून दिला होता. मी काच बदलली. तपासणी चालू असताना साहेब स्टुलावर बसून होते. मग म्हणाले, "वहिनी, एक विचारू? ती कुठे आहे ते मला माझ्या फोनवर दिसेल असं काही करता येतं ना?"

"येतं. तिला सांगा, ती स्वतःच पाठवेल."

"सांगितलं तर चिडेल. आजकालच्या मुली तुम्हाला माहीत आहेत. शनिवारी उशीर होतो, ओव्हरटाइम म्हणते. मी एकटा माणूस, खिडकीत उभा राहतो. मला तिचं काही वाचायचं नाही. नुसता ठिपका दिसला तरी पुरे."

माझी मुलगी तेव्हा नुकतीच बंगळूरला नोकरीला गेली होती. तिचा फोन लागला नाही की मी दहा वेळा लावत बसायचे. त्यांच्या आवाजात मला माझंच ऐकू आलं. मी मुग्धाच्या फोनवरचं नकाशाचं अॅप उघडलं, तिचं ठिकाण त्यांच्या फोनवर कायमचं दिसेल असं केलं. चार मिनिटांचं काम.

आता जे सांगतेय ते महत्त्वाचं आहे. असं काही चालू केलं की ते अॅप फोनच्या मालकाला मधून मधून आठवण करून देतं, की तुमचं ठिकाण अमुक माणसाला दिसतंय. ही सूचना बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली असते. मला वाटलं, ही आली की मुलगी बघेल, बापाशी भांडेल, उगाच घरात कटकट. म्हणून मी ती सूचना बंद केली. मेलवर येणारीसुद्धा. साहेबांनी ते सांगितलं नव्हतं. त्यांना अशी सूचना असते हेच ठाऊक नव्हतं. काम हातात घेतलं की ते नीट पुरं करायचं, ही कारखान्याची सवय.

साहेब हात जोडून गेले. मला बरं वाटलं. त्या रात्री मी छान झोपले, हे मला अजून टोचतं.

दीड-दोन महिन्यांनी, दुपारी गिऱ्हाईक नसताना मुग्धा आली. फोन काउंटरवर ठेवला, माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "हे कुणी केलं?"

पडद्यावर तेच पान होतं. खाली तिच्या वडिलांचं नाव.

मी म्हटलं, "अगं, बाबांना काळजी वाटत होती..."

"ते मला कळलं. मी सूचनेचं विचारतेय. बाबांना फोनवरची अक्षरं मोठी करता येत नाहीत. मी करून देते. सूचना कुणी बंद केली?"

काउंटरवर एक स्क्रू पडला होता, तो उचलून डबीत टाकला. मग दुसरा शोधायला लागले.

"ताई."

"मी केली," मी म्हटलं.

ती स्टुलावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. एकसुरात तिने सांगितलं ते असं. तिची आई बोरिवलीला राहते. भाड्याची एक खोली आहे, एका दवाखान्यात नावं लिहायचं काम करते. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा पत्ता फक्त मुग्धाला दिला. मुग्धा दर शनिवारी कामावरून परस्पर तिच्याकडे जायची आणि घरी ओव्हरटाइम सांगायची. ठिपका लागोपाठ शनिवारी एकाच इमारतीवर थांबतो हे दळवीसाहेबांनी बघितलं. मग एका सकाळी ते तिथे गेले.

"तेव्हापासून रोज जातात. समोर रसवंतीच्या बाकड्यावर बसतात. सकाळी दहा ते संध्याकाळपर्यंत. वर येत नाहीत, बोलत नाहीत. वॉचमनकडे फळं देऊन ठेवतात. आईने पंधरा दिवस झाले खिडकी उघडलेली नाही. कामावरही जात नाही."

"पण ते... मारायचे का गं?"

मुग्धाने माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, हा प्रश्न तिने आयुष्यभर ऐकलाय.

"नाही. कधीच नाही. आई भाजी आणायला गेली की घड्याळ लावायचे. दर अर्ध्या तासाने फोन. कुणाशी बोललीस, किती वेळ, काय. शेजाऱ्यांना विचारून खात्री करून घ्यायचे. आवाज कधी चढवला नाही. म्हणून तर कुणाला पटत नाही."

मी तिच्यासमोर ती जोडणी काढायला गेले तर तिने फोन मागे घेतला. "ते मी काढीन. माझं काम वेगळं आहे. आईला वाटतं, तिच्या फोनमध्येही काहीतरी आहे. मी बघितलं, मला दिसलं नाही. तुम्हाला कुठे कुठे लपवता येतं ते माहीत आहे. तुम्ही या आणि बघा."

मी शटर ओढलं. दुपारी दोन वाजता माझ्या दुकानाचं शटर त्याआधी फक्त सासूबाई गेल्या तेव्हा बंद झालं होतं. लिंक रोडवरून रिक्षाने निघालो. मी पर्सची चेन उघडत आणि बंद करत होते.

बाकड्यावर दळवीसाहेब नव्हते, दुपारी जेवायला जात असावेत. आम्ही मागच्या जिन्याने वर गेलो. दार उघडलं ती बाई माझ्याच वयाची, बारीक, केस घट्ट बांधलेले. तिने पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही. बरोबर होतं.

तिचा फोन मी तासभर तपासला. एकेक अॅप, एकेक परवानगी, एकेक खातं. तिने शेजारी बसून प्रत्येक गोष्ट विचारली: हे काय आहे, हे कशाला हवं, हे काढलं तर काय होतं? मी सांगत गेले. फोनमध्ये काही नव्हतं.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं.

"म्हणजे आता मी कुठे आहे ते त्यांना कळणार नाही?"

मला हो म्हणता येईना. "फोनवरून नाही कळणार. पण हे घर..."

"घर कळलंय," ती म्हणाली. "चार वर्षं लागली मला इथल्या बायकांशी बोलायला. आता सोसायटीवाले विचारतात, तो खालचा माणूस कोण? मी काय सांगू? फळं आणणारा नवरा?"

मी म्हटलं, "चौकीत तक्रार द्या."

"काय लिहू? समोर बसतात? बाकडं सगळ्यांचं आहे."

मी माफी मागितली. तिने मान हलवली, पण ती मान होकाराची होती की निघा म्हणून होती, ते मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

सोमवारी दळवीसाहेब दुकानात आले. तोच इस्त्रीचा शर्ट. स्टुलावर बसून त्यांनी फोन पुढे केला.

"वहिनी, ठिपका गेला बघा. परत चालू करून द्या."

"नाही होणार, साहेब."

"का? मागे तर चार मिनिटांत केलंत."

"मागे करायला नको होतं. मी बोरिवलीला जाऊन आले."

त्यांचा चेहरा बदलला नाही. फोनची काच त्यांनी रुमालाने पुसली. "कशी आहे ती? बारीक झालीय का? मला खालून नीट दिसत नाही."

मला ते ऐकून काय वाटलं ते लिहिणं अवघड आहे. त्या प्रश्नात खरी माया होती. तीच माया त्या बाईला चार भिंतींत कोंडत होती. तोवर मी मनात त्यांना खलनायक करून टाकलं होतं, म्हणजे मला स्वतःला सोपं जाईल. समोर बसलेला माणूस तसा नव्हता, आणि त्यामुळे त्याने केलेलं काही कमी होत नव्हतं.

"साहेब, तिथे जायचं बंद करा. ती खिडकी उघडत नाही."

"मी काही करत नाही. नुसता बसतो."

"तेच बंद करा."

"तुम्ही मला शिकवू नका," ते म्हणाले, पहिल्यांदाच जरा कडक. "तुम्हीच पत्ता दिलात. तुम्ही चांगलं काम केलंत म्हणून मी चार जणांना सांगितलं. आता एकदम नीती आठवली?"

ते गेल्यावर मी दिवसभर एकही फोन उघडला नाही. सोल्डरिंगचं आयर्न गरम करत होते आणि बंद करत होते. त्यांचं शेवटचं वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी खरंच चार जणांना सांगितलं असेल, तर ते चार जण माझ्याकडे का येणार होते?

त्यातला एक आलासुद्धा, बायकोचा फोन घेऊन. मी म्हटलं, बायकोला पाठवा, तिच्यासमोर करते. तो परत आला नाही.

बुधवारी मी मुग्धाला फोन केला. म्हटलं, बाकडं सगळ्यांचं असेल, पण पत्ता कसा मिळाला ते मी लिहून देते. तुझ्या नकळत फोनमध्ये काय केलं, कुणी सांगितलं, सूचना कुणी बंद केली, सगळं. मग तुमच्या तक्रारीत लिहायला काहीतरी असेल. ती म्हणाली, "ताई, तुमच्यावर येईल."

"येऊ दे."

आमचे हे भडकले. मालवणी माणूस चिडला की शब्द कमी होतात. "तुका कोणी सांगितलेला? दुकान बंद करूचा हा?" मी म्हटलं, दुकान माझं, सहीही माझी. मग ते माझ्याबरोबर चौकीत आले, बाहेर बाकावर बसून राहिले.

आत बसलेल्या मॅडम तरुण होत्या. माझा कागद त्यांनी दोनदा वाचला. "हे तुम्ही स्वतःहून लिहून देताय?"

"हो."

"असं लिहून द्यायला कुणी येत नाही," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला.

दळवीसाहेबांना बोलावलं गेलं, लेखी समज दिली गेली. बाकडं रिकामं झालं. गल्लीत दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. काहींनी माझ्याकडे येणं सोडलं. देवमाणसाला चौकीत नेणारी बाई. मास्तरांनी मात्र मला बाजूला घेऊन हळू आवाजात पिन सांगितला, तेव्हा मला कळलं की गोष्ट सगळीकडे पोचलीय.

हे जिंकणं नव्हतं. त्या बाईने दीड महिन्यात बोरिवलीची खोली सोडली. समज दिलेला माणूस पत्ता विसरत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. नोकरी गेली, चार वर्षांत जोडलेल्या बायका गेल्या. मुग्धानेही घर सोडलं आणि आईबरोबर गेली. जाताना मला भेटली नाही. नवा नंबर दिला नाही, तोही बरोबर. साहेब आता खिडकीत दिसतात. मी मान वर करत नाही.

तेव्हापासून फोन ज्याचा त्यालाच परत देते. पिन कागदावर घेत नाही, मालकाने समोर बसून उघडायचा. त्यामुळे धंदा हळू झालाय, लोक कंटाळतात. काही दुसरीकडे जातात. गल्लीत आणखी तीन दुकानं आहेत, तिथे चार मिनिटांत काम होत असेल. याची मला रोज चुटपुट लागते. मी एक खिडकी बंद केली, बाकीच्या उघड्याच.

मागच्या महिन्यात दुकान आवरायला काढलं. कॉम्प्युटरला जोडलेली एक जुनी हार्ड डिस्क आहे. दुरुस्तीआधी गिऱ्हाइकाच्या फोनची प्रत मी त्यावर काढून ठेवायचे, फोन मेला तर फोटो तरी वाचावेत म्हणून. काम झालं की पुसायची, असं ठरलेलं. पुसायची कोण? वर्षानुवर्षं साठत गेलं. यादी चाळताना मुग्धाचं नाव दिसलं. काच बदलायच्या आधी काढलेली प्रत. त्यात तिचे सगळे नंबर असणार. आईच्या मैत्रिणी, मावशी, कुठल्या गावाला कोण. त्यातून त्या दोघी आता कुठे असतील ते शोधायला मला एक दुपार पुरली असती.

मला खरंच बघावंसं वाटलं. नुसतं ठीक आहेत ना, एवढंच. हे 'नुसतं' आधी कुणाच्या तोंडून ऐकलं होतं ते माझ्या लक्षात आलं आणि माझा हात माउसवरून बाजूला झाला.

पुसून टाकलेलं परत काढता येतं. तेच तर मी पैसे घेऊन करते. म्हणून पुसण्यावर भागवलं नाही. डिस्क सोडवली, सहा स्क्रू काढले, आतली चकती बाहेर घेतली. आरशासारखी चकचकीत. तिच्यावर स्क्रूड्रायव्हरने ओरखडे काढत बसले, आडवे, उभे, परत आडवे. सगळी गल्लीच होती त्यात, माझ्या मुलीचे फोटोसुद्धा.

आमचे हे डबा घेऊन आले आणि दारातच थांबले. "बिघडलेली काय गो?"

"नाय," मी म्हटलं, "बरी चलत होती." आणि चकती उलटी करून दुसऱ्या बाजूने सुरुवात केली.